परकराच्या नाडीखाली

“मावशी, नाडी सोडा.”

“कशाक? गाठ जांगेत आसा. कमरेक काय झाला नाय.”

परब मावशी टेबलावर आडव्या आणि दोन्ही मुठींत परकराची नाडी घट्ट. शेजारी त्यांची सून रूपाली, रडकुंडीला आलेली. आणि मी हातमोजे घालून तशीच उभी.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. परळच्या एका हॉस्पिटलात सुईची तपासणी करते. म्हणजे गाठीत बारीक सुई घालायची, चार पेशी ओढून काचेवर पसरायच्या आणि मायक्रोस्कोपखाली पाहायच्या. परब मावशी लालबागच्या. त्यांच्या डाव्या जांघेत लिंबाएवढी गाठ. सुईत कॅन्सर आला, स्क्वॅमस जातीचा. या पेशी कातडीच्या किंवा आतल्या अस्तराच्या. जांघेतल्या ग्रंथीत त्या जन्मत नाहीत, कुठून तरी वाहत येतात. जांघेतल्या ग्रंथी म्हणजे मोरीची जाळी. अडकलेलं दिसतं, पण ते आलं कुठून हे जाळी सांगत नाही.

आमचे सर्जन माझे बॅचमेट. सकाळीच त्यांचा फोन आला.

“गर्भाशयाचं तोंड नॉर्मल. गुदद्वार नॉर्मल. पाय तळव्यापर्यंत बघितले. सोनोग्राफीत काही नाही. तू ‘प्रायमरी अननोन’ लिहून टाक, केमो सुरू करू.”

प्रायमरी अननोन म्हणजे मूळ सापडत नाही. मूळ नाही म्हटलं की ऑपरेशन करून बरं करायची भाषा संपते. उरतं ते जमेल तेवढे दिवस ढकलणं. हा शब्द माझ्या डोक्यात जातो. त्यात रूपालीनं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. “मॅडम, आईंना नका सांगू. पण मला सांगा, वर्षभर तरी?”

मी म्हटलं, सही करण्याआधी मला त्यांना एकदा बघू दे.

आणि बघताना सहज विचारलं, “मावशी, आधीच्या डॉक्टरांनी कसं तपासलं?”

“कसा म्हणजे? साडी वर केली नि आडवी झालय.”

घ्या! सगळ्यांनीच साडी वर केली होती. स्त्रीरोगवाल्या बाईंनी, सर्जननं, सगळ्यांनी. सोनोग्राफीला पदर बाजूला झाला, पण नाडी जागच्या जागीच.

“आई, डॉक्टर बाईच आहेत ना,” रूपाली म्हणाली.

“अगो, तुझ्या सासऱ्यासमोरय कधी लायटीत सोडूक नाय!”

मला हसू आलं, मावशींनाही आलं. त्या हसण्यात मूठ सैल झाली.

नाडीखाली हळदीनं पिवळी झालेली मऊ कापडाची घडी होती. कमरेभोवती नाडी काचून उठलेला काळा पट्टा. तो साडी नेसणाऱ्या बहुतेकींना असतो. पण डावीकडे, जिथे निरगाठ बसते तिथे, रुपयाएवढी जखम. कडा उचललेल्या, टणक.

“तो घट्टो. सुकता, परत येता. नातू बालवाडीत होतो तेव्हापासून.”

नातू आता कॉलेजात आहे.

कातडीच्या नेहमीच्या कॅन्सरच्या दोन जाती. एक जवळपास कधीच जागा सोडत नाही. दुसरी ही, स्क्वॅमस. हीसुद्धा बहुधा जागेवरच राहते, पण क्वचित ग्रंथीत उतरते आणि तिथून फुफ्फुसात. क्वचित, म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी नाडी काचत राहिली, तर तिथेही ती होऊ शकते. आणि कमरेच्या कातडीचा निचरा जांघेतल्या ग्रंथींतच होतो.

मी सर्जनना फोन लावला. “मूळ कमरेवर आहे.”

“कंबर? अगं, मी तपासलंय तिला.”

“कुठून? खालून ना?”

“अरे देवा. तुकडा घे.”

तुकडा घेतला. जखमेतल्या आणि गाठीतल्या पेशी अगदी एकसारख्या. आता एकच धाकधूक, फुफ्फुसात पोचलंय का? स्कॅनचा रिपोर्ट आला. दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ. मी लॅबमध्ये बसून रडले. लपवत नाही.

जखम काढली, ग्रंथी काढल्या, नंतर रेडिएशन. मावशी आता तपासणीला स्वतः चालत येतात. बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही, त्याला अजून वेळ आहे. पण ‘वर्षभर तरी’ हा प्रश्न रूपाली आता विचारत नाही.

आमच्या ओपीडीत हल्ली बायकांना आधी गाऊन देतात. बायका कुरकुरतात, वेळ जातो, बाहेर रांग तुंबते. तुंबू दे. ग्रंथी काढल्यामुळे मावशींचा डावा पाय आता कायम सुजलेला असतो, चप्पलही एका मापाची चालत नाही. नातू बालवाडीत असताना कुणी ती नाडी सोडायला लावली असती, तर चार टाके पडले असते आणि मावशी दुपारी घरी जाऊन जेवल्या असत्या.