बिनपगारी रजेतली कंपनी

घरात दीड वर्षाचं मूल असलं की कुठे काय सापडेल सांगता येत नाही. सोफ्याच्या फटीत अर्धं बिस्किट, चपलेत चमचा, वॉशिंग मशीनमध्ये टीव्हीचा रिमोट. स्टार्टअपचंही तसंच आहे. आम्ही शोधत होतो गुंतवणूकदार, आणि हाताला लागत गेले किस्से!

आम्ही म्हणजे मी आणि रूपाली. मी नागपुरातल्या एका खासगी कॉलेजात टेक्सटाइल शिकवायची. रेवा लहान म्हणून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती. रूपाली माझी हॉस्टेलची मैत्रीण, उमरेडची. शिवणात हुशार, जिभेनं त्याहून. डायपरमुळे रेवाला पुरळ आलं तेव्हा मी रडत बसले आणि रूपालीनं सुती कापडाचे थर शिवून एक नॅपी केली. एवढाच काय तो आमच्या कामातला फरक. पुढच्या दोन महिन्यांत हुडकेश्वरच्या आमच्या घराचा पुढचा हॉल म्हणजे ‘कोरडंठाक’ नावाची कंपनी झाला. धुऊन परत वापरायच्या कापडी नॅपी. चार मशिनी, चार बाया आणि एक सासूबाई.

फक्त जुलैच्या पहिल्या सोमवारी माझी रजा संपत होती. त्या दिवशी रुजू व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. मी रुजू झाले तर कंपनी बंद, हे रूपालीनं आधीच सांगून टाकलं होतं. “मी कपडा कापू, का फोन उचलू, का कुरिअरवाल्याशी भांडू? तू गेली की मी बी चालली उमरेडले!”

आता मी अशी, की रेवाला एक शिंक आली तरी दोन डॉक्टरांना फोन लावते. माझ्यासारखीनं नोकरी सोडायची? आधी कोणीतरी आपल्यात पैसे लावू दे, मग बघू, असं मी स्वतःला समजावलं. आणि आम्ही कामाला लागलो.

*

पहिले गेलो इतवारीत, कापडाच्या एका जुन्या सेठजींकडे. ते नव्या धंद्यांत पैसे घालतात असं ऐकलं होतं. आम्ही लॅपटॉपवर अठरा स्लाइड्स तयार केल्या होत्या. मार्केट, स्पर्धक, पाच वर्षांनंतरचं भविष्य, सगळं!

चपला काढून गादीवर बसलो. मी लॅपटॉप उघडला. सेठजी म्हणाले, “बेटा, ते बंद करा, बॅटरी उतरेल. माल दाखवा.”

मी नॅपी दिली. त्यांनी दोन बोटांत कापड चोळलं, उजेडात धरलं, काठाचा एक धागा ओढला, काडीपेटी मागवली आणि धागा जाळून त्याचा वास घेतला. मी हे वर्गात सहा वर्षं शिकवलं आहे, पण इथे मीच परीक्षेला बसले होते.

“प्युअर कॉटन,” सेठजी म्हणाले. “शिलाई बी एक नंबर. किती धुण्या निघते?”

“तीनशेच्या वर!” रूपाली छाती काढून म्हणाली.

सेठजींनी नॅपीची घडी घातली आणि अतिशय दुःखी चेहऱ्यानं परत केली. “बेटा, मग गिऱ्हाईक परत काहून येईल?”

अठरा स्लाइड्सपैकी एकीतही याचं उत्तर नव्हतं.

“माल खराब असता तर मी रस्ता सांगितला असता,” ते म्हणाले. “चांगल्या मालाले मी काय करू?”

*

दुसरे गुंतवणूकदार बंगळूरचे. मूळ नागपुरातल्या धंतोलीचे, म्हणून मराठीतून बोलणारे. दुपारी तीनला व्हिडिओ कॉल ठरला. रेवा रोज दोनला झोपते आणि चारला उठते, म्हणून मीच ती वेळ मागितली होती. त्या दिवशी ती झोपली तीनला दोन मिनिटं कमी असताना, आणि तीसुद्धा माझ्या मांडीवर!

हलले असते तर उठली असती. मी तशीच रूपालीच्या शेजारी कॉलला बसले आणि कुजबुजत सुरुवात केली, “नमस्कार सर... आमची कंपनी...”

सरांनी भुवया वर केल्या. मग ते स्क्रीनच्या जवळ आले आणि तेही कुजबुजले, “बोला.”

त्यांच्याकडचे आणखी तीन जण कॉलवर होते. एकानं उठून खोलीचं दार लावलेलं मला दिसलं. पंचवीस मिनिटं आम्ही सहा जण नॅपीबद्दल कुजबुजत होतो. “कापडाचे थर किती?” “सहा सर...” “हे बाहेर कोणाला माहीत आहे का?” “नाही सर, फक्त सासूबाईंना...”

शेवटी सर म्हणाले, “मॅडम, एवढी गुप्तता पाळणारे फाउंडर मी पाहिले नाहीत. काही स्पेशल टेक्नॉलॉजी दिसते.”

मी काही बोलायच्या आत मांडीवरची टेक्नॉलॉजी जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं. सर दचकून मागे सरकले. त्यानंतर त्यांची मेल आली. विचार करून कळवतो, असं लिहिलं होतं. रूपाली म्हणाली, “अजून हळूहळूच विचार करून राहिले असतील!”

*

पैसे नाही तर नाही, निदान माणूस तरी ठेवू, म्हणजे मी कॉलेजात गेले तरी ऑफिस चालेल, असा मी मधला मार्ग काढला. जाहिरात दिली. वर्ध्याच्या पल्लवी नावाच्या मुलीनं अर्ज केला. बीकॉम, कॉम्प्युटर येतो, अक्षर सुरेख.

मुलाखतीला गाडीतून चौघं उतरली. पल्लवी, तिचे वडील, आई आणि मामा!

सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि कोणी न सांगता पोहे टाकले. पाच मिनिटांत पल्लवी मान खाली घालून सोफ्यावर, शेजारी आईवडील, समोर मी आणि रूपाली, आणि मामा गच्चीवर टाकी पाहायला गेलेले.

“जागा सोताची का किरायाची?” वडिलांनी विचारलं.

“स्वतःची,” मी पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली. का, ते विचारू नका.

रूपालीनं पल्लवीला विचारलं, “एक्सेल येते काय वं तुले?”

“सगळं येते तिले,” आई म्हणाली. “सैपाक बी येते.”

सासूबाईंनी कौतुकानं मान हलवली. मामा खाली येऊन म्हणाले, “पाण्याचा त्रास नाही दिसत.” मग पल्लवीच्या आईनं माझ्याकडे मोर्चा वळवला. “तुम्ही पयले काय करत होत्या?”

“कॉलेजात शिकवते. म्हणजे, सध्या रजेवर आहे.”

“म्हणजे नोकरी सोडली नाई?”

“अजून नाही.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोहे संपवून, घरी विचार करून कळवतो म्हणून ते गेले. दोन दिवसांनी वडिलांचा फोन आला. “माणसं चांगली आहेत, घर चांगलं आहे, आजी तर लाखात एक. पण मॅडम, तुमचाच एक पाय बाहेर आहे, तर पोरीले आत कसं पाठवाव?”

मी फोन ठेवला. पैसे मागायला गेलो त्या कोणत्याही साहेबानं इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

मागून सासूबाईंचा आवाज आला, “नकार आला का? पोहे तिखट झाले होते का वं?”

*

मग रूपाली म्हणाली, आपली पब्लिसिटी कमी पडून राहिली. तिच्या ओळखीनं एका स्थानिक पेपरचा वार्ताहर आला. मी रात्री जागून उत्तरं पाठ केली होती. नेमकं रेवानं त्याच वेळी कपडे बदलायला लावले. माझे! मी आत जाऊन साडी बदलून येईपर्यंत वार्ताहरानं सासूबाईंच्या हातचा चिवडा खात मुलाखत उरकली होती.

रविवारी बातमी आली. मशीनवर बसलेल्या सासूबाईंचा मोठा फोटो. त्या मशिनीची सुई कुठून ओवायची हे त्यांना आजही माहीत नाही! बातमीत त्यांचा संघर्ष होता, जिद्द होती, तरुणांना संदेश होता. माझा उल्लेख शेवटच्या ओळीत: ‘या कामी त्यांना सुनेची थोडीफार मदत होते.’

“अहो आई, हे काय?” मी म्हटलं.

“मी त्याले ‘मदत’ इतकंच म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “‘थोडीफार’ त्यानं घातलं.”

*

एप्रिल संपता संपता मात्र फोन वाढले. का ते कळेना, पण वाढले. त्यातला एक मी उचलला.

“ताई, तुमच्याकडचं ते पाणी शोषणारं पॅड पायजे होतं. आमचा लय गळते.”

“किती वर्षांचा आहे?” मी सवयीनं विचारलं.

“आठ झाले.”

मी खुर्चीत सरळ झाले. आठ वर्षांचा मुलगा! “दिवसा की रात्री?”

“चोवीस तास. खाली भांडं ठेवा लागते.”

रेवा आठ वर्षांची झाल्यावर काय काय होऊ शकतं, ते सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी आवाज मऊ केला. “हे बघा ताई, घाबरू नका. त्याला रागावू पण नका. कोणाला दाखवलं का?”

“दाखवला नं! मेकॅनिक म्हणे, टाकी सडली, आता नवा कूलरच घ्या!”

झालं होतं असं, की आमच्याच कॉलनीतल्या एका काकूंनी नॅपीच्या आतलं पॅड गळक्या कूलरखाली लावून त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला होता. फरशी कोरडीठाक! नागपुरात घरटी एक कूलर आणि दर दुसरा गळका. मे महिन्यात आम्ही बाळांना जितकी पॅड विकली, त्याच्या कितीतरी पट कूलरांना विकली.

मला वाईट वाटत होतं. बाळांच्या मऊ त्वचेसाठी एवढा अभ्यास केला, तो पत्र्याच्या डब्यासाठी? रूपालीला अजिबात वाटत नव्हतं.

“कूलर रडत नाही, त्याची आई सल्ले मागत नाही,” ती म्हणाली. “आणि ओलं राहून पॅड सडते, पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक परत येईल. चाल, सेठजीले सांगून येऊ!”

गेलो. सेठजींनी सगळं ऐकलं. म्हणाले, “कपडा मी उधारीत देतो. पण दोघी असाल तरच. एकटीचा भरवसा मी घेत नाही.” आणि माझ्याकडे पाहत राहिले.

*

तो सोमवार आला. मी दोन पाकिटं घेऊन कॉलेजात गेले. एकात रुजू होण्याचा अर्ज, दुसऱ्यात राजीनामा. वाटेत ठरवू म्हटलं होतं. हुडकेश्वर ते कॉलेज पस्तीस मिनिटं लागतात, पुरली नाहीत. दहा वाजता ऑफिसातल्या गजूभाऊ क्लार्कनं हात पुढे केला. हाताला लागेल ते पाकीट दिलं असं म्हणेन, पण खोटं कशाला? मी शोधून रुजू होण्याचंच दिलं. मस्टरवर सही केली. रूपालीचे तीन फोन येऊन गेले होते, ते उचलले नाहीत.

साडेदहाला प्राचार्य धावत आले. “मॅडम, वाचवा! उद्योजकता कक्षाचं उद्घाटन आहे आज. पुण्याचे पाहुणे होते, स्टार्टअपवाले. आत्ता फोन आला, येऊ शकत नाहीत.”

“काय झालं?”

“त्यांले नोकरी लागली. आजच जॉइनिंग आहे. तुमचं ते स्टार्टअपच आहे नं? बसा स्टेजवर!”

अकरा वाजता मी स्टेजवर होते. मागे बॅनर: ‘नोकरी सोडा, स्वप्न जोडा’. पाहुण्यांच्या नावावर कागद चिकटवून माझं नाव लिहिलेलं. शाल झाली, श्रीफळ झालं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं पाहुण्यांसाठी लिहिलेला परिचयच वाचला: “स्थिर नोकरीला ज्यांनी लाथ मारली...” पहिल्या रांगेत गजूभाऊंचा आ वासलेला होता.

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. कापडाच्या थरांबद्दल बोलले असेन, घाबरल्यावर मी थरांबद्दल बोलते. मग प्रश्नोत्तरं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

“मॅम, खूप इन्स्पायरिंग! तुम्ही नोकरी नेमकी कधी सोडली?”

प्राचार्य माझ्या शेजारीच बसलेले. फोन पुन्हा थरथरायला लागला होता.

मी म्हटलं, “आज.”

टाळ्यांचा कडकडाट! पोरं बाकांवर उभी राहिली. सगळ्यात जोरात टाळ्या प्राचार्य वाजवत होते.

कार्यक्रम संपला. चहा झाला. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि दुसरं पाकीट टेबलावर ठेवलं. सर अजून रंगातच होते. “काय भाषण झालं मॅडम! ते ‘आज’ तर काय जमलं! अंगावर काटा आला माझ्या!” म्हणत त्यांनी पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

“मॅडम, हे काय आहे?”

“राजीनामा, सर. आत्ता स्टेजवर म्हटलं नं.”

सर उठले. त्यांनी जाऊन आधी केबिनचं दार लावून घेतलं. मग जवळ येऊन, अगदी घरच्या माणसाला समजवावं तशा आवाजात म्हणाले, “अहो मॅडम, भाषणातलं कोणी खरं करते काय? मी तीस वर्षांपासून भाषणं देऊन राहिलो!”