हयातीपुरता परवाना

दाजी गेल्याचं आक्कानं फोनवर असं सांगितलं, "हे हाका मारल्या तरी उठंनात रे. चहा पार गार झाला." मी जयपूरच्या वैशाली नगरात त्यांच्याच गल्लीत राहतो. पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं... आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बघतो, जमतंय का.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साताऱ्याचे; विमा कंपनीच्या बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. काम दावे तपासण्याचं. समोर एखादी विधवा पदरानं डोळे पुसत बसलेली असायची आणि हे कागदावर बोट ठेवून तिला अट वाचून दाखवायचे. आवाज चढायचा नाही, उतरायचाही नाही. मी फौजेत होतो, कडक माणसं पुष्कळ पाहिली. असा कोरडा ठणठणीत माणूस दुसरा नाही पाहिला. कधी लाच घेतली नाही, खोटं बोलले नाहीत, आणि कुणाला मायेचा शब्दही दिला नाही. घ्या, झालं चांगलं बोलून.

आक्काची नजर गेली तेव्हा तिनं एवढंच मागितलं होतं, "मला रोज थोडं वाचून दाखवत जा." दाजींनी त्याऐवजी बोलणारा डबा आणला. ॲपवरून त्यात ऐकायची मराठी पुस्तकं रीतसर विकत घेतली, कपाट भरेल एवढी. चार वाजता चहा-मठरी ठेवायची, डबा लावायचा आणि आपण दुसऱ्या खोलीत पेपर घेऊन बसायचं. आक्का तेवढ्या तासासाठी जगायची.

मी एकदा पेनड्राइव्ह घेऊन गेलो. म्हटलं, "दाजी, सगळं यात उतरवून ठेवू. मतलब, आक्कासाठीच. विकायला थोडंच बसणार आहोत?"

"करारात कॉपी करायला मनाई आहे."

"ते कोण वाचतं? न वाचता बटण दाबलं, तो कसला करार?"

"मी वाचून दाबलंय," दाजी म्हणाले आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात परत ठेवला.

तेराव्यानंतर आक्कानं मला त्या पुस्तकांच्या कंपनीला फोन लावायला लावला. मी म्हटलं, चालतंय तोवर चालू दे, कोण विचारतंय? "मी गेलो की कळवायचं, असं ह्यांनी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. फोनवरच्या मुलीनं फार गोड आवाजात दुःख व्यक्त केलं. खातं माताजींच्या नावावर होणार नाही, म्हणाली. संध्याकाळी डबा बंद.

मी पेटलो. आक्काला घेऊन वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "ऐसे एग्रीमेंट कोई पढ़ता नहीं, सूबेदार साहब. हम लड़ सकते हैं. माताजी, आप बस इतना कहिए कि साहब ने पढ़ा नहीं था."

"पढ़ा था जी," आक्का म्हणाली. "पूरा पढ़ा था. मुझे भी पास बिठाकर सुनाया था."

वकिलानं पेनाला टोपण लावलं. बाहेर येऊन मी तिच्यावर ओरडलो, भर रस्त्यात. तिचा हात धरून रिक्षात बसवताना मला दाजींचा इतका राग आला, की ते जिवंत असते तर मी काहीतरी बोलून बसलो असतो.

काल चारला गेलो. डबा तिथंच, तिनं पुसून ठेवलेला. शेजारी आक्का डोळे मिटून पुटपुटत होती. मला वाटलं, जप चाललाय. जवळ गेलो.

"...हा परवाना खरेदीदाराच्या हयातीपुरताच राहील. तो वारसांकडे जाणार नाही..." अगदी दाजींचा सूर. न चढता, न उतरता.

"आक्का, हे काय लावलंयस?"

"तुझ्या दाजींनी उभ्या जन्मात मला एवढंच तर वाचून दाखवलं," ती म्हणाली. "बस. चहा घे. अजून बरंच आहे."