भोंगा एकदाच बोलला

आज मोबाइलवर गावच्या ग्रुपमध्ये देविदासभाऊ गेल्याचा मेसेज वाचला आणि करपलेल्या हरभऱ्याचा वास नाकात शिरला.

खूप वर्षांपूर्वीची, माघातली सकाळ होती. देविदासभाऊ पंचायतीच्या भोंग्यावरून गावाला खबर द्यायचे, आणि प्रत्येक खबर दोनदा सांगायचे. म्हणून पहिल्यांदा कोणी कानच द्यायचं नाही. माय चुलीवर हरभरा भाजत होती. कोणीतरी वारल्याचं तेवढं कानावर आलं.

"कोन गेलं वो माय?" मी विचारलं.

"थांब, अजून एकदा सांगतीन ते."

हातातलं उलथनं तसंच धरून ती थांबली. भोंगा पुन्हा बोललाच नाही. हरभरा करपला.

गेली होती त्यांचीच बायको. दुसऱ्यांदा काहून नाही सांगतलं, म्हणून गावानं त्यांना नावं ठेवली. मीही ठेवली.

मागच्या वर्षी माय गेली. नातेवाइकांना कळवायचा पहिला फोन मी नीट केला. दुसऱ्या फोनला तोंडातून शब्द फुटला नाही.