मामांच्या हृदयाची लागवड

घाटनांदूरच्या पंचक्रोशीत नव्या गोष्टींवर माझ्या बायकोच्या मामांइतका विश्वास दुसऱ्या कुणी ठेवला नसेल. गल्लीत फोन घेणारे ते पहिले. फोन करावा असं ओळखीचं कुणी नसल्याने ते रोज सकाळी एक्स्चेंजला फोन लावून तिथल्या माणसाची तब्येत विचारत. डिश अँटेना आली तेव्हा न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या ते शेवटपर्यंत पाहत आणि सांगणारा खोटं बोलत नसावा, असं मत देत. टिश्यूकल्चरची केळीही तिथे त्यांनीच आधी लावली. बाटलीत वाढलेली ती रोपं बघायला येणाऱ्यांना ते चपला बाहेर काढायला लावत. केळी जोमात आली आणि बाटलीत काहीही वाढवता येतं, हे मामांच्या मनात पक्कं बसलं.

पुढे त्यांना झटका आला. हृदयाचा एक भाग निकामी झाला होता. डॉक्टरांनी लवकर बायपास करायला सांगितलं. त्याच आठवड्यात मी काम करत होतो त्या दैनिकात परदेशातली एक बातमी आली. मूलपेशींपासून हृदयाचं ऊतक वाढवून खराब भागावर बसवण्याचे प्रयोग सुरू होते. ‘आता हृदयाचीही रोपे’ हे शीर्षक माझं. प्रयोग अजून उंदरांवरच आहेत, हे सांगणारा शेवटचा परिच्छेद जागेअभावी काढला, तोही मीच.

मामांनी बायपास रद्द केली. रोपं यायची असताना रानात दुसरं काही करायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. लागवडीआधी रान ठेवतात तसं त्यांनी स्वतःला मोकळं ठेवलं. जिना चढणं बंद, भावकीशी भांडण बंद. त्या परदेशी संस्थेला त्यांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. रोपांची मर किती, म्हणजे शंभरात किती दगावतात, आणि आमच्याकडच्या उन्हात ती टिकतील का, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही. मामी भेटायला येणाऱ्यांना सांगत, “छातीत केळी लावणार हायत. घड आला की कळवते.”

चार-पाच महिन्यांत मामांना अंगणापर्यंत जाताना धाप लागू लागली. मामींनी मला बोलावून घेतलं. माझ्या पेपरातलं खूळ आहे, मीच काढावं, असं त्या म्हणाल्या. मी मामांना काढलेल्या परिच्छेदाचं सांगितलं.

“किती ओळी होत्या?”

“चार.”

“उंदरं बरी झाली का?”

“काही झाली.”

दुसऱ्याच दिवशी ते पुण्याला यायला तयार झाले. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि आता हे हृदय शस्त्रक्रिया सोसणार नाही, असं सांगितलं. परतताना जीपमध्ये मी माफी मागायला लागलो, तेव्हा मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“जावईबापू, तुमच्या पेपरापायी थांबलो न्हाई मी. छाती उघडणार म्हणले, तवाच लई भ्यालो होतो. तुमची बातमी आली, बरं झालं. भ्यालो म्हणून कुणाला सांगावं लागलं न्हाई.”

पावसाळ्याआधी मामा गेले. ते खरं बोलले की जावयाची समजूत काढली, हे मला कळलेलं नाही. जीपमध्ये काय बोलणं झालं, असं मामी अजून विचारतात. केळीबद्दल, असं मी सांगतो.