हितनं काय दिसतंय?

नकाशा हातात आला की ते आधी चष्मा पुसायचे. मग कागदावर एका जागी बोट टेकवायचे आणि विचारायचे, “हितनं काय दिसतंय, सायेब?”

विचारणारा माणूस रस्त्याच्या कामावरचा झेंडेवाला होता. तुम्हीही असे झेंडेवाले पाहिले असतील: नारिंगी जाकीट, एका हातात लाल फडकं, दुसऱ्या हातात हिरवं. खरं तर पाहिले नसतीलच. आपण फडकं पाहतो आणि ब्रेक दाबतो. मी ठेकेदाराकडचा इंजिनिअर, पण मीही कितीतरी वर्षं नुसती फडकीच पाहत होतो.

ते वडूजकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना हवालदारच म्हणायचो. कामावर आल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नकाशा मागितला. झेंडेवाल्याने नकाशा मागितल्याचं आमच्या साइटवर कुणी ऐकलं नव्हतं. सगळे हसले, मीही हसलो. “पोस्ट कुटं हाय ते कळल्याबिगार उभं कसं रायचं?” एवढंच बोलून ते बाकावर बसले, ते नकाशाची प्रत मिळेपर्यंत उठले नाहीत.

तो प्रश्न त्यांच्या अंगातच मुरला होता. घर बांधताना त्यांनी बायकोला चुलीच्या जागी बसवलं आणि तिथून काय दिसतंय ते विचारून मग खिडकीची जागा ठरवली. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले आणि पाहुण्यांच्या सोप्यात बसल्याबसल्या हाच प्रश्न विचारला. सोयरीक मोडता मोडता राहिली. हे सगळं ते स्वतःच रंगवून सांगायचे.

आता माझ्या कर्तबगारीबद्दल. रस्ता खणायचा तर आधी वाहतुकीचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. फलक कुठे, रंगवलेली पिंपं कुठे, झेंडेवाला कुठे, सगळं नियमातल्या अंतराने मांडायचं. माधवनगरच्या पुढच्या त्या रस्त्याचा आराखडा मी केला, तो चैत्रात. ऊस कारखान्याला गेलेला, तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा जेमतेम घोट्याएवढा. वळणाच्या दोन्ही बाजूंना नजर पोचत होती. झेंडेवाल्याचा ठिपका मी वळण संपल्यावर, खोदकामाच्या तोंडाशी ठेवला. अंतरं चोख होती. पहिल्याच फेरीत मंजुरी आली आणि मी पेढे वाटले.

काम सुरू झालं भाद्रपदात. तोवर ऊस डोक्याच्या वर गेला होता. माझ्या घरात आजोबांपासून सगळे ऊसवाले. ऊस वाढतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण आराखडा करताना मी साहेब झालो होतो.

हवालदारांनी ठिपक्यावर बोट ठेवून नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, वळण दिसतंय. वळणापलीकडून येणारी गाडी दिसते का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नकाशा स्वतःकडे फिरवून घेतला.

“आमच्याकडं रान उगडं. मानूस अर्ध्या कोसावनं वळकू येतो,” ते म्हणाले. “तुमच्या उसात हत्ती दडंल, सायेब.”

झेंडेवाला आणि फलक वळणाच्या आधी न्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण आराखडा बदलायचा म्हणजे पुन्हा मंजुरी, तोवर काम बंद. मी ठेकेदारांना विचारलं. मंजूर कागदाला हात लावायचा नाही, असं ते म्हणाले. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

चार दिवसांत दोन मोटारसायकली चरात जाता जाता वाचल्या. पाचव्या दिवशी हवालदार आपणहून वळणाच्या आधी जाऊन उभे राहिले. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. तिथे त्यांच्या आडोशाला ना फलक होता ना पिंप, कारण ते मंजूर नव्हतं. पंधरवडाभर एकही गाडी चरापर्यंत वेगात आली नाही. मग एका सकाळी ट्रॅक्टरच्या पुढे जाऊ पाहणारा टेम्पो कडेला घुसला. सांगलीला नेईपर्यंत हवालदार गेले होते.

वरून खुलासा मागवला गेला. तो मी लिहिला. “मंजूर आराखड्याप्रमाणे सर्व व्यवस्था होती. सदर कामगार नेमून दिलेली जागा सोडून उभा होता.” दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि मला त्यांची शिसारी येते.

महिन्याभराने त्यांच्या पत्नी साइटवर आल्या. पिशवीतून त्यांनी हवालदारांची नकाशाची प्रत काढली, घड्यांवर फाटत आलेली.

“ह्येनी पोस्ट सोडली, असं तुमी लिवलंय म्हनं,” त्या म्हणाल्या. “फौजेत कवा सोडली न्हाई त्यांनी. कुटं हुती पोस्ट, दावा मला.”

मी ठिपका दाखवला. त्यांनी त्यावर बोट टेकवलं.

“हितनं काय दिसतंय?”

“ऊस,” मी म्हणालो.

“मग तसं लिवा.”

बाकी काही मागितलं नाही त्यांनी. चहालाही नको म्हणाल्या. मी लिहितो म्हणालो, आणि खरंच लिहायला बसलो दोनदा. दोन्ही वेळा पुढच्या कामाचे आराखडे आठवले, नोकरी आठवली, कागद खणात गेला.

पौषात तोड आली आणि ऊस गेला. त्यानंतर चौकशीचे साहेब आले. शिस्तीचा माणूस, नकाशा घेऊनच गाडीतून उतरले. ठिपक्याच्या जागी उभे राहिले आणि कपाळावर हात धरून मोकळ्या रानाकडे बघू लागले. खोडवा नुकता फुटत होता.

“इथून तर सगळं दिसतंय की,” ते म्हणाले.

“हो साहेब,” मी म्हणालो.