पोहोचल्याचा फोन

आमच्या कुळाची वंशावळ जमवणाऱ्या ईमेल गटात पंचवटीच्या एक काकू आहेत. मेलला त्या पत्रच म्हणतात. पत्र पाठवलं की दहा मिनिटांत फोन. "पोहोचलं का हो?" पोहोचलं म्हटलं की, "मग वाचा सावकाश," आणि फोन बंद. गट मी चालवतो, म्हणून पहिला नंबर माझा. कधीकधी मी उचलायचोच नाही, खोटं कशाला बोलू!

यंदा गट ज्या ईमेल कंपनीकडे आहे, ती सोडायची का, यावर वाद पेटला. जुनी पत्रं गहाळ होतील म्हणून माझा विरोध होता. गटावर मेल टाकून सगळ्यांचं मत मागवलं, तर निम्म्यांचं उत्तरच नाही. बैठकीत मी ऐटीत म्हणालो, "गप्प आहेत म्हणजे इथेच राहायला त्यांची हरकत नाही."

काकूंनी पिशवीतून वही काढली. "अहो, गप्प कुठले? या कंपनीकडून त्यांना पत्रं पोहोचतच नाहीत. मी एकेकाला विचारलंय." वहीत कितीतरी नावांपुढे फुल्या होत्या. त्यात पिंपळगावचे माझे सख्खे चुलते. त्यांना वाटत होतं, आम्ही त्यांना गटातून वगळलं. मागच्या लग्नात ते माझ्याशी का बोलले नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

गट हलवायच्या बाजूने मी मुकाट्यानं हात वर केला. जुनी पत्रं उतरवून घेतली, नव्या जागेवरून पहिला मेल सोडला आणि लगेच चुलत्यांना फोन लावला.

एंगेज. कोणाशी बोलत होते, ते सांगायला नकोच.