तास कुणाच्या मालकीचा

घोडेगावच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचे. डोंगरातल्या गावांची एसटी उशिरा यायची आणि तिकडच्या मुलींचा पहिला तास बुडायचा. म्हणून मी टेबलावर मोबाइल ठेवून तास रेकॉर्ड करायला लागले आणि पॉडकास्ट म्हणून नेटवर टाकायला लागले. कुणाला विचारलं नाही. माझा तास, माझा आवाज, विचारायचं काय?

एकदा पिंपरी पेंढारच्या एका मुलीने तासाला विचारलं, "मॅडम, कायद्यानं हिस्सा आहे, मग आमच्या सातबाऱ्यावर फक्त भावांचीच नावं कशी?"

तो प्रश्न तिच्या चुलत्यांच्या कानावर गेला. ते थेट प्राचार्यांकडे आले. "घरातली गोष्ट जगाला ऐकवायची व्हय? आमाला इचारलं व्हतं का?"

प्राचार्यांनी मला पत्र दिलं: तास कॉलेजच्या मालकीचे आहेत, सगळं रेकॉर्डिंग ताबडतोब काढा.

मी काढलं नाही. ओळखीच्या वकीलबाईंकडे पत्र घेऊन गेले.

"नोकरीत केलेलं काम मालकाचं, असं ते म्हणू शकतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या नेमणुकीच्या पत्रात काय आहे ते बघा. आणि मुलांची परवानगी घेतली होती का?"

नव्हती. तिथे मी चुकले होते, आणि ते कबूल करणं जड गेलं. परवानगी द्यायचा हक्क चुलत्यांचा नव्हताच. पण ज्या मुलीचा होता, तिलाही मी विचारलं नव्हतं.

मग मात्र सगळे भाग नेटवरून काढले आणि वर्गात संमतीचे कागद वाटले. दोघांनी नको म्हटलं, त्यांचे आवाज कापले. त्या मुलीने कागद उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

"माझा आवाज कापायचा नाय, मॅडम."

"घरी त्रास होईल."

"तो आत्ताबी होतोयच की."

मी प्राचार्यांना उत्तर लिहिलं: नेमणुकीच्या पत्रात तासांच्या मालकीबद्दल एक ओळही नाही. कोणत्या नियमाने काढायचं, ते लेखी कळवा. तोवर मुलांच्या संमतीने मी भाग पुन्हा टाकणार आहे.

त्यांनी बोलावून घेतलं. "नोकरीचा विचार करा, मॅडम."

"तो करूनच त्या उत्तरावर सही केलीय, सर."

लेखी उत्तर काही आलं नाही. भाग पुन्हा टाकताना तिच्या प्रश्नाचा तास मी सगळ्यांत आधी टाकला.

चुलते परत आले, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना माझ्याकडेच पाठवलं. मी तिच्या सहीचा कागद पुढे ठेवला.

"ती अजून आमच्या घरात ऱ्हाती," ते म्हणाले.

"मग तिलाच विचारा," मी म्हटलं.